जपानला जाऊन आलेला डबा

परवा टपरीवर चहा पिताना कुणीतरी विचारलं, "शिंदे, तुमच्या त्या जपानच्या कामाचं पुढं काय झालं हो?" मी म्हणालो, "कामाचं मला विचारू नका, किस्से विचारा." सरकारी कामाचं असंच असतं. काम जागचं हलेना की बसल्या बसल्या किस्से साठत जातात. फायलींना निदान वाळवी तरी लागते, किस्स्यांना तीही लागत नाही. आमच्या कक्षाचे तर इतके साठलेत की कुणाला सांगितल्याशिवाय मला जेवण पचत नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यातल्या जवळपास प्रत्येक किस्स्यात मी कुणावर तरी जळतोय. हसू नका. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचा कोळसा झाला असता.

झालं असं की आपल्या राज्य सरकारनं जपानमधल्या एका प्रांताशी मैत्रीचा आणि व्यापाराचा करार केला. ते आपल्याकडून सोयाबीन, तीळ असलं काही घेणार, आपण त्यांच्याकडून यंत्रं घेणार, आपली पोरं तिकडं शिकायला जाणार. मग जिल्ह्याजिल्ह्यात 'मैत्री कक्ष' काढा म्हणून आदेश आला. परभणीतला मैत्री कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, दोन टेबलं आणि एक पंखा. एका टेबलावर मी. दुसऱ्यावर सुजाता खिल्लारे, रोज पूर्णेहून रेल्वेनं येणार. पंखा नेमका तिच्या टेबलावर होता. माझी जळायची सुरुवात तिथूनच झाली.

* * *

करार झाला तसे जपानचे पाहुणे यायला लागले. पण कुठं? नांदेडला, लातूरला, संभाजीनगरला. परभणीला कोणी फिरकेना. आमच्या साहेबांना हे फार लागलं. नांदेडचे साहेब त्यांच्याच बॅचचे. "त्यांच्याकडं दोनदा येऊन गेले. आपल्याकडं काय सोयाबीन उगवत नाही?" असं ते येता-जाता म्हणायचे.

शेवटी खबर लागली की पाहुणे नांदेडहून संभाजीनगरला रेल्वेनं जाणार आहेत. म्हणजे गाडी परभणीला थांबणार. साहेब म्हणाले, "प्लॅटफॉर्मवरच स्वागत करू. पाच मिनिटं तर पाच मिनिटं." हार आला, शाल आली, नारळ आला. मी मोबाइलवरून जपानी नमस्काराचं एक वाक्य पाठ केलं. घरी घोकत होतो तर मंदा, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "घसा बसलाय का? हळद-दूध देऊ?"

गाडी आली. डब्यातून हायाशी नावाचे एक साहेब खाली उतरले. त्यांच्या शेतीखात्यातले मोठे अधिकारी, पांढरे केस, बुटके, एकदम सालस माणूस. साहेबांनी शाल घातली. हायाशी कमरेतून वाकले. साहेबही वाकले. आता त्यांच्याकडची रीत अशी की समोरचा वाकतोय तोवर आपण सरळ व्हायचं नाही. आणि आपल्याकडची रीत अशी की पाहुणा वळल्याशिवाय आपण पाठ फिरवायची नाही. ते वाकले की साहेब वाकायचे. मग ते आणखी खाली, मग साहेब आणखी खाली. मागं हारवाले, नारळवाले आम्ही सगळे वाकलेलो. शिट्टी झाली तरी कुणी सरळ व्हायला तयार नाही. दारात उभी राहिलेली त्यांची दुभाषी मॅडम हातवारे करत करत दूर निघून गेली.

आमचा ड्रायव्हर रशीदभाई शांतपणे म्हणाला, "साब, गाडी निकल गई. मेहमान यहींच रह गए."

परभणीला पाहुणा मिळाला तो असा. साहेबांच्या चेहऱ्यावर घाम होता, पण आतून खूश होते, मी ओळखतो त्यांना. पुढची गाडी दुपारी. दुभाषी गेली निघून, आता बोलायचं काय? मी पुढं झालो आणि माझं वाक्य म्हटलं. हायाशी वाकले. मीही वाकलो. साहेब दात खाऊन म्हणाले, "शिंदे, आता पुन्हा वाकू नका."

तेवढ्यात पूर्णेची पॅसेंजर आली, नेहमीसारखी उशिरा. सुजाताताई उतरली, सगळा प्रकार बघितला, आणि सरळ पाहुण्याशेजारी बाकड्यावर जाऊन बसली. कडीचा डबा उघडला. ज्वारीची भाकरी, पिठलं, जवसाची चटणी. "घ्या दादा, उपाशी कशाला राहायलाव?" हायाशींनी खाल्लं. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी बोट चाटून पुन्हा घेतली. गाडी आली तेव्हा उरलेलं तिनं डब्यात भरलं आणि डबा त्यांच्या हातातच दिला. "गाडीत भूक लागंल, असू द्या." डबा गेला गाडीतून.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. बाकड्यावर पाहुणे आणि सुजाताताई. कडेला माझा फक्त हात आलाय, नारळासकट.

* * *

मी एवढा का जळतो ते कळायला आमचे साडू माहीत पाहिजेत. बबनराव चव्हाण. जिंतूरला त्यांचं खताचं दुकान आहे. मंदाच्या थोरल्या बहिणीचे मालक. एकदा एका कंपनीनं दुकानदारांची सहल काढून त्यांना दुबई दाखवली. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण यांची दुबई काही संपत नाही. बारशाला दुबई, जावळाला दुबई. पंगतीत भात वाढला की म्हणणार, "साडूभाऊ, दुबईत भात कसा, शीत न् शीत मोकळं." मी मान खाली घालून वरण ओततो.

आणि माणसाला स्वतःच्या नावाची लय हौस. दुकानावर नाव, गाडीच्या काचेवर नाव, शाळेला पंखा दिला तर त्याच्या पात्यावर नाव. पंखा चालू असला की दिसत नाही म्हणून हळहळतात. आहेराच्या भांड्यांचं तर विचारूच नका. आमच्या घरातलं कुठलंही भांडं पालथं करा, खाली बबनराव.

अशात आमच्या ऑफिसात बातमी आली. जपानला मोठं शिष्टमंडळ जाणार, आणि त्यात परभणीसाठी एक जागा. नाव इथून ठरणार नाही, ते तिकडून येणार. मी त्याच आठवड्यात पासपोर्टला अर्ज केला. मंदानं त्याच संध्याकाळी जिंतूरला फोन केला. तिकडून बबनरावांचा निरोप आला, "जपान म्हणजे दुबईच्या अलीकडं का पलीकडं?"

आता मला जपानला जाणं भागच होतं. नाही गेलो तर जिंतूरला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती.

* * *

काही महिन्यांनी मुंबईची माणसं तिकडं जाऊन आली. त्यांच्यासोबत आमच्या कक्षासाठी एक खोकं. साहेबांनी स्वतः उघडलं. आत सुंदर कापडात गाठ मारून बांधलेला सुजाताताईचा डबा. असा घासलेला की नवा वाटावा. आत तांदळाची बिस्किटं, आणि काळ्या पातळ पापडासारखं काहीतरी. समुद्रातल्या शेवाळाचं असतं म्हणे. वर हायाशींची दोन ओळींची चिठ्ठी, मराठी करून घेतलेली. भांडं रिकामं परत पाठवणं आमच्याकडं बरं दिसत नाही, असं लिहिलं होतं.

सुजाताताई एकदम खुलली. "आता गं बाई! हे तर आपल्यावाणीच हायत की." शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतातच. ते तिकडंही करतात म्हटल्यावर तिला जपान एकदम गल्लीतलंच वाटायला लागलं.

रशीदभाईनं तो काळा पापड तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि विचारलं, "साब, ये खाने का है ना? कार्बन पेपर तो नहीं?"

मग काय, सिलसिला सुरू झाला. पुढच्या माणसांसोबत डबा तिळाची चटणी घेऊन गेला, येताना हिरवा चहा घेऊन आला. जवसाची चटणी घेऊन गेला, मिठाई घेऊन आला. साहेब म्हणाले, "द्विपक्षीय संबंध म्हणतात ते हेच." तिळाची चटणी खाऊन तिकडच्या लोकांनी तीळ मागवले, मग सोयाबीनचे नमुने मागवले. ती सगळी पत्रं मी लिहायचो, दर पत्राचा मसुदा घरी नेऊन सुधारायचो. तिकडून उत्तर यायचं त्याची पहिली ओळ ठरलेली, "डबा मिळाला."

मीही मंदाला धपाटे करायला लावले आणि चांगल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून पाठवले. उत्तरात छापील कार्ड आलं. आभारी आहोत. बस्स. मी घरी धुसफुसत होतो तर मंदा म्हणाली, "पुठ्ठ्याचं खोकं कोण भरून परत करतं?"

माझा पासपोर्ट आला होता, कपाटात कोरा पडला होता. आणि तो डबा दर दोन-चार महिन्यांनी विमानात. स्टीलच्या डब्यावर जळणारा माणूस तुम्ही बघितला नसेल. आता बघून घ्या.

* * *

एक छोटा किस्सा. सगळ्या जिल्ह्यांची पडद्यावर मीटिंग. मुंबईच्या मोठ्या मॅडम एकेकाला विचारत होत्या, मैत्रीसाठी तुमच्याकडं काय केलं? नांदेडचे साहेब म्हणाले, "पाहुण्यांसाठी वेगळा हॉल केलाय मॅडम, कॉफीचं यंत्र बसवलंय." संभाजीनगरवाल्यांनी तर जपानी बोलणारा माणूसच ठेवलेला. लातूरनं डाळीवर सिनेमा बनवून घेतलेला. आमचे साहेब खुर्चीत खाली खाली जायला लागले.

"परभणी, तुमच्याकडं काय आहे?"

साहेबांनी मागं वळून बघितलं. सुजाताताई फडक्यानं डबा पुसत होती. साहेब म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं डबा आहे."

मॅडम म्हणाल्या, "हो हो, तिकडं मला सगळे त्याबद्दलच विचारत होते." लगेच नांदेडचा चौकोन काळा झाला. नेटवर्क गेलं म्हणे. दुसऱ्याला जळताना बघण्यात काय सुख असतं ते मला तेव्हा कळलं.

* * *

मग हायाशी पुन्हा आले. या वेळी गाडी चुकून नाही, मुद्दाम परभणीला. जिंतूरकडच्या एका गावात सोयाबीन बघितलं आणि दुपारी तिथंच पंगत बसली. त्यांच्याकडं ताटात टाकणं वाईट, म्हणून ते ताट चाटून पुसून संपवायचे. आपल्याकडं पाहुण्याचं ताट मोकळं दिसणं वाईट, म्हणून गाववाले पुन्हा वाढायचे. ते खातायत, हे वाढतायत. पुरणाची पोळी, वर तूप, पुन्हा पोळी. हायाशींचा चेहरा लाल झाला, पण माणूस हटेना. गावही हटेना. पाटील म्हणाले, "बघा, गडी जेवतो कसा."

मी दुभाषी मॅडमना कानात सांगणारच होतो. पण सुजाताताईनं जाऊन हायाशींचा हात धरला आणि ताटावर आडवा ठेवला. "असं करायचं दादा. मग कोण वाढत न्हाई." हायाशींनी दुसराही हात ठेवला. पेपरात पुन्हा फोटो. त्यांचे हात ताटावर, तिचा हात त्यांच्या हातावर. या वेळी तर माझा हातही नव्हता.

जेवण झाल्यावर माझ्या घरी चहा ठरला होता. मी साहेबांना महिनाभर सांगून ठेवलेलं. सोफ्याला नवीन कापड लावून घेतलं, गल्लीत सगळ्यांना सांगितलं, मंदानं नवी साडी नेसली. गाडीत बसता बसता हायाशी दुभाषी मॅडमना काहीतरी बोलले. मॅडम म्हणाल्या, "डबा ज्या घरचा आहे ते घर बघायचं म्हणतात." रशीदभाईनं माझ्याकडं आरशातून बघितलं आणि गाडी पूर्णेच्या रस्त्याला घातली.

पूर्णेला सुजाताताईचं नवं घर, दोन खोल्या आणि ओसरी. कक्ष सुरू झाला त्याच महिन्यात गृहप्रवेश होता, मी आणि मंदा गेलो होतो. मंदानं घाईघाईत माळ्यावरचं काहीतरी पिशवीत घालून आहेर केला होता. घरात शिरल्यावर समोरच बुद्धाची मूर्ती. हायाशींनी बूट काढले, दाराकडं तोंड करून नीट जोडून ठेवले, आणि मूर्तीसमोर जमिनीवर बसून डोळे मिटले. पुटपुटत काहीतरी म्हणायला लागले. सुजाताताईच्या सासूबाईंचे गुडघे धरलेले, पण त्या भिंतीला धरून आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्रिशरण म्हणू लागल्या. हे त्यांच्या भाषेत, त्या आपल्या. दुभाषी मॅडमनी भाषांतर सोडून हात जोडले.

मी दारात उभा होतो. खरं सांगतो, तिथंही जळलोच. पण जरा हळू. घरी आलो तर सोफ्यावर मंदा नव्या साडीत झोपली होती.

* * *

त्या एका जागेसाठीचं नाव आता कधीही येईल असं ऐकू यायला लागलं. मी कोट शिवायला टाकला. स्टेशन रोडला फोटो काढायला गेलो तर स्टुडिओच्या काचेखाली पासपोर्टचे फोटो कापून ठेवलेले. त्यात एक सुजाताताईचा. मी तसाच कॅमेऱ्यासमोर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीच विषय काढला. म्हणालो, "ताई, फोटो छान आलाय."

"तुमचा बी बघितला शिंदे साहेब," ती म्हणाली, "जरा रागात दिसायलाव."

मग खालच्या आवाजात म्हणाली, "सासूबाई म्हणत्यात, तिकडं बुद्धाची लय मोठी मूर्ती हाय म्हणं. मला काय आता जमत न्हाई, तू बघून ये अन् मला सांग. म्हणून काढला पासपोर्ट."

मी पासपोर्ट का काढला म्हणाल तर, माझ्याकडं सांगायला फक्त बबनराव होते. मी पुढचं पत्र उघडलं आणि तिनं पंख्याचं बटण एक घर वाढवलं.

* * *

आणि एके दिवशी तिकडून पत्र आलं. सोबत मराठी भाषांतर. साहेबांनी सगळ्या ऑफिसला जिन्याखाली बोलावलं. मी नवा कोट घालून आलो होतो. सुजाताताईनं पदर नीट केला. साहेब मोठ्यानं वाचायला लागले. सोयाबीन आणि तिळाची पहिली खेप पसंत पडली. टाळ्या झाल्या. तिकडं आपल्या मालाचं दुकान उघडतंय, त्याच्या उद्घाटनाला परभणीच्या पाहुण्यानं यावं. मी घसा साफ केला.

साहेब पुढं वाचत होते. "या मैत्रीची सुरुवात एका डब्यापासून झाली. श्रीमती सुजाता यांनी तो आम्हांला दिला. परंतु डब्याच्या तळाशी काही अक्षरं कोरलेली आहेत. ती आम्ही एका प्राध्यापकांकडून वाचून घेतली. हा डबा श्रीमती सुजाता यांनाही कुणीतरी प्रेमानं भेट दिला होता, असं त्यावरून समजलं. आमच्याकडं पहिल्या देणाऱ्याचा मान सर्वांत मोठा. जागा एक होती, पण नाव जोडप्याचं असल्यामुळं आम्ही दोन केल्या. तरी श्री. व सौ. बबनराव चव्हाण, जिंतूर, यांनी येण्याचं करावं. श्रीमती सुजाता यांना सोबत चहा पाठवत आहोत."

साहेबांनी चष्मा काढला. "कोण हे बबनराव?"

माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. सुजाताताईनं कपाटातून डबा काढला, पालथा केला, खिडकीकडं नेऊन वाचला. "आपण कवा भांड्यावरचं नाव वाचतो व्हय," एवढंच म्हणाली. पालथा डबा तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

"शिंदे," साहेब म्हणाले, "तुमचं कुणीतरी जिंतूरला असतं ना? जरा चौकशी करा."

"करतो साहेब."

सगळे पांगले. सुजाताताईनं आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला, बशी माझ्याकडं सरकवली, आणि उठून आपल्या टेबलावरचा पंखा दोघांनाही वारा लागेल असा फिरवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच माणसावर जळत होतो.

संध्याकाळी घरी गेलो. मंदा शेंगा फोडत बसली होती. माझा कोट बघून म्हणाली, "आलं का हो नाव?"

मी म्हणालो, "खिल्लारेताईच्या गृहप्रवेशाला आपण काय दिलं होतं गं?"

तिनं जरा आठवलं. "कडीचा डबा की. जिंतूरच्या ताईनं दिलेला, माळ्यावर नुसता पडला होता. का हो, परत मागायला लागले का काय?"